पुसलेलं नाव

यादी शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला व्हॉट्सॲपवर आली. भाचा माझ्याकडेच मुक्कामाला होता. त्याच्यासमोर पोह्यांची ताटली तशीच राहिली. अंगठा मोबाईलवर खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. मग दोन बोटांनी त्यानं ती पीडीएफ ताणली, इतकी की पडद्यावर एका वेळी एकच नाव मावावं, आणि एकेक नाव सरकवत वाचायला लागला. आमच्याकडच्या याद्यांत आपलं नाव कुठल्या रूपात येईल याचा भरवसा नसतो. कधी आडनाव आधी, कधी वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर पुढं, कधी आडनाव गायब. मराठी आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक टेबलावर नवं. त्यामुळे तो एक नाव शोधत नव्हता, त्या नावाची होऊ शकतील तेवढी सगळी रूपं शोधत होता.

“सापडलं काय रे?” आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“बघूलालो, आजी.”

दहा मिनिटं तो बघत होता. मग मोबाईल उपडा ठेवला आणि गार झालेले पोहे खाऊन टाकले, एक शेंगदाणाही न ठेवता. तो रडला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

चाचणी एका मोठ्या क्लबच्या अकादमीची होती, पंधरा वर्षांखालच्या पोरांची. बेळगाव, खानापूर, धारवाड, हुबळी, कुठून कुठून पोरं आली होती. पहिल्या दिवशी पळवलं, उड्या मारायला लावल्या, उंची आणि वजन लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांचा एक सामना. शेजारी खेळणाऱ्याचं नाव माहीत नाही अशी अकरा पोरं इकडं, तशीच अकरा तिकडं. भाच्याच्या पायाला चेंडू सहा वेळा लागला. मी तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहून मोजत होतो. पाच पास बरोबर गेले. सहाव्या वेळी एका दांडग्या पोरानं खांदा लावला आणि हा पडला. शेवटी वही घेतलेल्या गृहस्थांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, पाय चांगला आहे, अंग भरू दे, पुढच्या वर्षी ये. पुढच्या वर्षी तो त्या वयोगटात बसणारच नव्हता.

बेळगावला फुटबॉलचा वारा दोन्ही बाजूंनी लागतो. उत्तरेला कोल्हापूर, जिथं तालमींच्या नावानं संघ उतरतात आणि पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. पश्चिमेला चोर्ला घाट उतरला की गोवा. मधे आमचा कॅम्प, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, सेंट पॉल्सचं मैदान. मी वाढलो शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत, मागाच्या खडखडाटात, आणि खेळलो लेले मैदानावर, जिथली तांबडी माती पावसाळ्यात मोज्यांतून कधीच निघत नाही. माझी बहीण अनगोळला दिली. तिचा हा मुलगा. त्याच्या अंगात रात्रंदिवस लंडनच्या चेल्सी क्लबची निळी जर्सी असते.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर तो म्हणाला, “मामा, सालाहला सोडलं तेव्हा चेल्सीत कुणालाच कळलं नव्हतं काय?”

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो, कारण त्याची समजूत घालायला माझ्याजवळ तेवढंच होतं. २०१४ चा जानेवारी महिना. चेल्सीनं केव्हिन डी ब्रुयनेला जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गला विकलं. दोन वर्षांपूर्वी बेल्जियमच्या गेंककडून घेतलेला बावीस वर्षांचा पोरगा. इंग्लंडच्या पहिल्या लीगचे जेमतेम तीन सामने त्याच्या वाट्याला आले होते. आणि बघा, त्याच महिन्यात त्यांनी स्वित्झर्लंडच्या बासेलहून मोहम्मद सालाहला आणलं. एकाला दारातून बाहेर काढताना दुसऱ्याला आत घेतलं, आणि त्यालाही पुढं तसंच वागवलं. सालाह लीगचे तेरा सामने खेळला, दोन गोल केले, मग इटलीच्या फिओरेंटिनाला उसना, रोमाला उसना, शेवटी कायमचाच रोमाकडे. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. डी ब्रुयने २०१५ मध्ये साडेपाच कोटी पौंडांच्या आसपास किमतीला मँचेस्टर सिटीत गेला आणि तिथं सहा वेळा लीग जिंकला. सालाह २०१७ मध्ये लिव्हरपूलला आला आणि पहिल्याच हंगामात लीगमध्ये ३२ गोल केले. अडतीस सामन्यांच्या हंगामात तोवर कुणी तेवढे केले नव्हते. रोमेलू लुकाकूची गोष्ट तर हिशेबाच्या वहीत लिहून ठेवावी अशी. त्यालाही २०१४ मध्येच २.८ कोटी पौंडांना एव्हर्टनला देऊन टाकलं, आणि सात वर्षांनी साडेनऊ कोटींहून जास्त मोजून परत आणलं.

“म्हणजे चेल्सीवाले येडेच की,” भाचा म्हणाला. जर्सी अंगात होती, तरी म्हणाला.

“२०१४-१५ ची लीग कुणी जिंकली?”

तो गप्प झाला. त्याला माहीत होतं. चेल्सीनंच जिंकली होती. प्रशिक्षक मोरिन्योंकडे हॅझार्ड होता, फॅब्रेगास होता, दिएगो कोस्टा होता. कप हातात आला. कप हातात असलेल्या माणसाला कोण विचारणार, की बाबा, वाटेत कुणाला सोडलंस?

ही गोष्ट मला फार वर्षं टोचते आहे. हरणारा संघ निदान मागं वळून बघतो. जिंकणाऱ्याला मागं वळायचं कारणच पडत नाही. आणि सोडून दिलेलं पोर दुसरीकडे मोठं व्हायला तीन-चार वर्षं जातात. तोवर ज्यानं सोडलं तो प्रशिक्षक दुसऱ्या क्लबात असतो, ज्यानं सही केली तो अधिकारी निवृत्त झालेला असतो. चूक झाली हे कळतं तेव्हा ती कुणाची हे सांगता येत नाही.

पॉल पोग्बाला मँचेस्टर युनायटेडनं २०१२ मध्ये जाऊ दिलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. सगळे मिळून सात सामने त्याला मिळाले होते. करार संपत आला होता, त्याला खेळायचं होतं, यांच्याकडे जागा नव्हती. चार वर्षांनी त्याच पोग्बासाठी त्यांनी सुमारे ८.९ कोटी पौंड मोजले, तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी किंमत. आणि लवकर सोडलेला म्हणजे पोरच असतं असंही नाही. आंद्रेआ पिर्लोचा करार २०११ मध्ये संपला तेव्हा इटलीच्या मिलाननं त्याला फुकटात मोकळं केलं, बत्तिसाव्या वर्षी, आता काय उरलंय म्हणून. तो युव्हेंटसला गेला आणि युव्हेंटसनं पुढच्याच वर्षी एकही सामना न हरता लीग मारली.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती गोष्ट इंग्लंडमधल्या लेस्टर क्लबच्या बाकावरची. २०१३ च्या मे महिन्यात लेस्टर दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये बढतीचे सामने खेळत होतं. राखीव खेळाडूंच्या बाकावर दोघं बसले होते. एक हॅरी केन, टॉटनहॅमकडून उसना आलेला. आठ वर्षांचा असताना आर्सेनलनं त्याला नको म्हणून घरी धाडलं होतं. दुसरा जेमी वार्डी. त्याला शेफिल्ड वेन्सडेनं सोळाव्या वर्षी काढलं, अंगानं लहान म्हणून. मग तो तिथल्याच स्टॉक्सब्रिजच्या हौशी संघात आठवड्याला तीस पौंडांवर खेळला आणि दिवसा कारखान्यात काम केलं. हाड मोडलेल्याच्या पायाला बांधतात तशा पट्ट्या बनवायचा कारखाना. आमच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळी करून संध्याकाळी मैदानावर येणारी पोरं मी बघितली आहेत. डोळ्यांखाली काजळी आणि पायात बूट. त्यामुळे वार्डीचा कारखाना मला डोळ्यांसमोर दिसतो. तर हे दोघं त्या दिवशी एका बाकावर. आणि तीन वर्षांनी, २०१५-१६ च्या हंगामात, इंग्लंडच्या पहिल्या लीगमध्ये सर्वांत जास्त गोल केनचे, २५. त्याच्या मागोमाग २४ वार्डीचे. लीग जिंकली वार्डीच्या लेस्टरनं.

भाच्याचा चेहरा जरा उजळला होता. आई तांदूळ निवडत बसली होती, बेळगाव बासमतीचा वास सगळ्या खोलीभर. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण ती सगळं ऐकत होती. सुपातला खडा बाजूला काढून ती म्हणाली, “ही झाली उठून उभी राहिलेल्यांची नावं. जी उठली नाहीत, त्यांची नावं काय रे?”

मला एक नाव आठवलं.

२००४ चा गणपती नुकताच झाला होता. आमच्या गल्लीच्या मंडळाचा पंधरा वर्षांखालचा संघ माझ्याकडे होता. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, नोकरी लागली होती, संध्याकाळ मोकळी होती. मंडळाच्या दाराशेजारी भिंतीवरच काळा रंग देऊन केलेला फळा होता. गल्लीचं सगळं त्यावर यायचं. वर्गणी, मीटिंग, कुणाचं निधन, पाणी कुठल्या दिवशी सुटणार. स्पर्धेचा संघही त्याच फळ्यावर खडूनं लिहायची रीत. सोळा नावं. सोळावं नाव मी त्याचं लिहिलं होतं.

सगळे त्याला बारक्याच म्हणायचे. वडगावच्या टोकाला त्याचं घर, घरात दोन यंत्रमाग. शाळेत जायच्या आधी तो कांड्या भरायचा, म्हणून बोटं कायम सुताच्या रंगाची, आज जांभळी तर उद्या हिरवी. डावखुरा होता, पायानंही. पण त्याच्याजवळ जे होतं ते पायात नव्हतं, मानेत होतं. चेंडू त्याच्याकडे निघाला की तो यायच्या आत बारक्या एकदा डाव्या खांद्यावरून आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागं बघून घ्यायचा. चिमणी दाणा टिपायच्या आधी बघते ना, तसं. चेंडू पायाशी पोचेपर्यंत त्याचं सगळं ठरलेलं असायचं. कुणी शिकवलं होतं? कुणी नाही. टीव्हीवर मोठ्या मोठ्या खेळाडूंची मान तशी फिरताना मी पुढं कितीदा बघितली, आणि दर वेळी मला हे पोर आठवलं. त्या वेळी मला ती नुसती खोड वाटली होती. “पुढं बघ रे, मागं काय बघूलालास?” असं मी त्याच्यावर ओरडलोही आहे.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी पलीकडच्या गल्लीतलं एक पोर आमच्याकडून खेळायला तयार झालं. उंच, छाती भरलेली, ओठावर मिसरूड. मी फळ्यापाशी गेलो. अंगठा ओला केला, सोळावं नाव पुसलं आणि त्यावर नवं लिहिलं. ओल्या अंगठ्यानं खडू नीट पुसला जात नाही. पांढरा फराटा उमटतो आणि खालची अक्षरं त्यातून दिसत राहतात. संध्याकाळी मी मंडळात आत बसलो होतो तेव्हा बारक्या फळ्यासमोर उभा दिसला. नवं नाव वाचायला असा कितीसा वेळ लागतो? तो त्या फराट्यातलं आपलं नाव वाचत होता. मला त्यानं काही विचारलं नाही. मीही उठून बाहेर गेलो नाही. दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला आला नाही आणि मी कुणाला त्याच्या घरी धाडलं नाही.

आम्ही ती स्पर्धा जिंकलो. मिसरूडवाल्यानं अंतिम सामन्यात हेडरनं गोल केला. कप अजून मंडळाच्या काचेच्या कपाटात आहे. शेजारी फोटो आहे, सोळा पोरं आणि मधे मी. त्या फोटोकडे बघून कुणालाही वाटणार नाही की त्यात एक जण कमी आहे.

पुढं मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, मिळेल ते सामने बघत गेलो. पोरांची उंची वाढायचा जोराचा काळ साधारण तेरा-चौदाच्या आसपास येतो, पण कुणाचा दोन वर्षं आधी येतो, कुणाचा दोन वर्षं उशिरा. चौदाव्या वर्षी निवड करणारा माणूस बऱ्याचदा खेळ निवडतच नसतो, कुणाची वाढ आधी झाली तेवढंच निवडत असतो. इंग्लंडमध्ये शाळेचा आणि वयोगटाचा हिशेब १ सप्टेंबरपासून धरतात. तिथल्या अकादम्यांत सप्टेंबर-ऑक्टोबर-नोव्हेंबरला जन्मलेली पोरं जास्त आणि उन्हाळ्यात जन्मलेली कमी सापडतात. एकाच गटात असून एकाला जवळजवळ वर्षभराची जास्तीची वाढ मिळालेली असते, आणि आपण तिला गुण समजतो.

आमच्याकडे तर याहून निराळा घोळ. आमच्या पिढीपासून निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेला. बारक्याची दाखल्यावरची तारीखही १ जून, आणि त्या मिसरूडवाल्याचीही १ जून, सालही तेच. बारक्याच्या आईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की हा दिवाळीतला, शाळेत लवकर बसावा म्हणून गुरुजींनी मागं ओढलेला. आणि दुसऱ्याच्या आईनं कदाचित सांगितलं असतं की आमचा त्याच्या आदल्या वर्षीचा. कागदावर दोघं जुळे आणि खरं बघितलं तर दीड वर्षाचं अंतर. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा, तिनं २००९ पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचं एमआरआय काढून वय तपासायला सुरुवात केली, ती अशाच कागदांमुळे. मला मनगटाचं काही काढायची गरज नव्हती. त्याच्या घरी जाऊन कपभर चहा प्यायलो असतो तरी कळलं असतं.

उपाय कुणाला सुचले नाहीत असं नाही. बेल्जियमच्या फुटबॉल महासंघानं उशिरा वाढणाऱ्या पोरांसाठी वेगळे राष्ट्रीय संघ चालवले, म्हणजे अंग भरेपर्यंत ती वाटेत गळू नयेत. इंग्लंडमधल्या काही क्लबांनी पोरांना वयाऐवजी वाढीप्रमाणे गट पाडून खेळवून बघितलं. दोन्हींचा मथितार्थ एकच, थांबा. पण थांबायला खर्च येतो, आणि क्लबाच्या वहीत थांबण्याचा रकाना नसतो. वहीचं गणित कसं चालतं ते एकदा समजून घेतलं आणि मला धक्काच बसला. बाहेरून विकत आणलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटून खर्ची पडते. पण क्लबाच्या स्वतःच्या अकादमीत वाढलेल्या पोराची वहीतली किंमत जवळजवळ शून्य. त्यामुळे त्याला विकलं की आलेली सगळी रक्कम निव्वळ नफा. म्हणजे जे पोर घरात वाढवलं, तेच विकायला सगळ्यात सोयीचं. मँचेस्टर सिटीनं २०२३ मध्ये कोल पामरला चार कोटी पौंडांच्या घरात चेल्सीला दिलं. तो लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढलेला, आणि आदल्याच महिन्यात त्यानं त्यांच्यासाठी दोन कपांच्या सामन्यांत गोल केले होते. चेल्सीत पहिल्याच हंगामात त्यानं लीगमध्ये २२ गोल केले. भाच्याला हा किस्सा आवडतो, कारण या वेळी पोर चेल्सीला मिळालं. मला त्यात पामरच्या गल्लीतला, त्याला पहिल्यांदा मैदानावर घेऊन गेलेला माणूस दिसतो.

त्या माणसाला काही मिळतं का? फिफाचा एक नियम आहे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात पैसे मोजून गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के, बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी त्याला घडवलं त्यांच्यात वाटले जातात. बारा ते पंधरा या वर्षांचे पाव-पाव टक्का, पुढच्या वर्षांचे अर्धा-अर्धा टक्का. चांगला नियम आहे. पण तो नोंदणी झालेल्या क्लबांसाठी. भिंतीवरच्या फळ्यावर संघ लिहिणाऱ्या मंडळाकडे कसली नोंद असणार? आमच्याकडे पोराला धरून ठेवायचं एकच कारण असतं, माया. आणि मी त्यातच कमी पडलो.

आमच्या पोरांना दारंही थोडी आहेत. पूर्वी नजर गोव्याकडे असायची. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या तीन गोव्याच्या संघांनी देशपातळीवरच्या आय-लीगमधून अंग काढून घेतलं तेव्हा वरच्या दर्जाच्या तीन ड्रेसिंग रूम आमच्यासाठी एकदम बंद झाल्या. दुसऱ्या वर्षी, २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला आणि आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. महाराष्ट्र सरकारच्या पुण्यातल्या क्रीडा प्रबोधिनीत तो लहान वयात गेला होता. मंडळाच्या टीव्हीसमोर आम्ही सगळे बसलो होतो. त्याच्या पायाला चेंडू लागला की गल्लीत आरोळी उठायची, जणू तो आमच्याच घरचा. पोरं विचारायची, आम्हाला जाता येईल काय तिकडं? कोल्हापूर एसटीनं अडीच-तीन तासांवर आहे. पण सीमेच्या अलीकडच्या पोराला पहिला प्रश्न पायाचा नसतो, रहिवासी दाखल्याचा असतो.

म्हणून अँटोइन ग्रीझमनची गोष्ट मी आमच्या पोरांना पुन्हा पुन्हा सांगतो. फ्रान्समधल्या एकामागून एक क्लबांनी त्याला उंची कमी म्हणून परत पाठवलं. शेवटी स्पेनच्या रेआल सोसिएदादनं त्याला घेतलं. तो राहायचा सीमेच्या अलीकडे, फ्रान्समधल्या बायोनला. दिवसा तिथं शाळा, संध्याकाळी सीमा ओलांडून सान सेबास्टियानला सराव. चौदा वर्षांचं पोर, एका भाषेत अभ्यास आणि दुसऱ्या भाषेत शिव्या खात. हे आमच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. २०१८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्ससाठी पेनल्टीवर गोल मारला तो त्यानंच.

बारक्या मला पुन्हा भेटला तो तीन वर्षांपूर्वी, भाजी मार्केटात. “दादा” अशी हाक आली आणि वळून बघितलं तर मला मान वर करावी लागली. सहा फुटाला बोटभर कमी असेल. ढबू मिरचीचे क्रेट टेम्पोत चढवत होता. रोज रात्री बेळगावची भाजी घेऊन चोर्ल्यातून म्हापशाला जातो, पहाटे गाडी रिकामी करतो. परतायच्या आधी दुलेरच्या मैदानाशी गाडी लावून चहा पितो, पोरं सरावाला आली असली तर अर्धा तास बघत बसतो.

“अकरावीत एकदम उंच झालो बघा,” तो म्हणाला. “तवर खेळ सुटला हुता.”

मी त्याची माफी मागितली. बाजारात, हमालांच्या गर्दीत, जशी सुचली तशी मागितली. त्यानं ऐकून घेतली. दोरीचा फास आवळून गाठ मारली, हात झटकले आणि म्हणाला, “दादा, घेटलासा नाही त्याचं काय नाही. लिवून पुसलासा की. लिवलंच नसतं तर चाललं असतं.”

मला उत्तर नव्हतं. आजही नाही.

यादी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी रात्री, मी भाच्याला घेऊन मार्केटात गेलो. काय म्हणून घेऊन गेलो ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. चेंडू त्यानं सवयीनं काखेत घेतला होता. बारक्या कोबीची पोती लावत होता. मी ओळख करून दिली, माझा भाचा, खेळतो, कालच्या यादीत नाव आलं नाही. बारक्यानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. कितवीत, कुठल्या जागेवर खेळतोस, कुठल्या पायानं, एवढंच विचारलं. मग म्हणाला, “टाक बघू.”

भाच्यानं चेंडू खाली सोडला आणि हलकेच ढकलला. मार्केटच्या पिवळ्या दिव्यात चेंडू कोबीच्या पाल्यावरून गचके खात निघाला. बारक्याच्या पायात रबरी चप्पल होती. चेंडू अजून वाटेत होता तेवढ्यात त्याची मान एकदा डाव्या खांद्यावरून मागं गेली, एकदा उजव्या. मागं हातगाडीवाला होता, क्रेटची उतरंड होती. डाव्या पायाच्या आतल्या बाजूनं त्यानं चेंडू न थांबवताच परत दिला, दोन पोत्यांच्या मधल्या फटीतून, थेट भाच्याच्या पायाशी.

भाचा चेंडूकडे बघतच राहिला. “त्यांनी मागं बघितलं, मामा. चेंडू यायच्या आधी.”

“होय.”

हमालानं हाक दिली. बारक्यानं ताडपत्री ओढली, दोऱ्या तपासल्या. चोर्ल्यात धुकं असणार, आता निघायला पाहिजे म्हणाला. चढता चढता थांबून भाच्याला म्हणाला, “सकाळचा सराव सोडू नको. कुणी घेऊ दे, न घेऊ दे. अकरावीपर्यंत तर सोडूच नको.” मग दार ओढून घेतलं. टेम्पोचा मागचा लाल दिवा फाटकाबाहेर वळला आणि दिसेनासा झाला.

गाडीवर माझ्या मागं बसताना भाच्यानं विचारलं, “मामा, त्यांना तुम्ही बारक्या का म्हणता? त्यांचं नाव काय?”

मी गाडी चालू केली नाही. त्याला पूर्ण नाव सांगितलं, आधी त्याचं, मग वडिलांचं, मग आडनाव.